बर्फी परत नागपूरला

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. शिष्य म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर पर्णकुटी आणि समिधांची मोळी उभी राहिली असेल, तर ती आधी पुसून टाका. हा शिष्य पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, पन्नाशीला टेकला होता, आणि त्याच्या खिशात पाच क्रेडिट कार्डं होती. गुरू म्हणजे सासवडच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर. सगळं गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणे. शिष्याचं खरं नाव मी सांगत नाही, तुमच्या ओळखीतलाच कुणी निघायचा. त्याची थोरली बहीण त्याला बापू म्हणायची, आपणही तेवढंच म्हणू.

हा बापू पॉइंट जमवी. पेट्रोल एका कार्डावर, किराणा दुसऱ्यावर, विमानाची तिकिटं तिसऱ्यावर. मित्रांबरोबर जेवायला गेला की बिल हा भरी आणि बाकीच्यांकडून पैसे फोनवर मागून घेई. लोकांना वाटे, काय दिलदार माणूस! दिलदारी वगैरे काही नव्हती, पॉइंट याच्या खात्यात पडत. मात्र त्याला वेडा ठरवायची घाई करू नका. दर महिन्याचं बिल तो तारखेच्या आत पूर्ण भरी, एक पैसा व्याज त्यानं कधी दिलं नव्हतं. चार लाख पॉइंट साठले होते. ही विद्या आहे, आणि त्याला ती येत होती.

सरांना तर या विद्येत विलक्षण गोडी वाटे. गणिताचा माणूस तो! बापू महिन्यातून एकदा सासवडला येई, आणि सर चष्मा पुसून विचारत, "हं, काय म्हणतो तुझा कारभार?" मग बापू सांगे. एकदा त्यांनी विचारलं, "एका पॉइंटाची किंमत काढतोस कशी?"

"सोपं आहे सर. पॉइंट देऊन जे तिकीट घेतलं त्याचा भाव भागिले लागलेले पॉइंट. रुपयाच्या वर गेलं तर उत्तम."

"आणि नुसतेच साठवून ठेवलेले? त्यांची किंमत?"

"नुसत्यांची तशी काही नाही सर. वापरल्यावरच कळते."

"असं होय," सर म्हणाले.

त्या दिवशी, मार्चमधल्या एका रविवारी, बापू बर्फीचा डबा घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. डबा ठेवला, पाणी प्यायला, आणि न विचारताच म्हणाला, "सर, मंदाताई माझ्याशी बोलत नाही."

मंदाताईला सर ओळखत होते. बापू नऊ वर्षांचा असताना आई गेली, वडील त्याआधीच गेलेले. एकोणीस वर्षांच्या या मुलीनं शिवणकाम करून भावाला वाढवलं. शाळेत फी भरायला तीच यायची. एकदा सरांच्या घरी येऊन उभी राहिली होती, म्हणाली होती, "सर, याला गणिताला बसवा. पैसे नाहीत माझ्याकडे, पण तुमच्या घरचं सगळं शिवण मी करून देईन." सरांनी मुलाला बसवलं आणि शिवणही करून घेतलं, कारण फुकट शिकवलं असतं तर ती पुन्हा दारात आली नसती. पुढं तिचं लग्न होऊन ती नागपूरला गेली. आता यजमान वारले होते, मुलगा परराज्यात नोकरीला होता, आणि ती घरी एकटी होती.

"बोलत नाही म्हणजे? भांडलास?"

"नाही हो. दिवाळीपासून असं चाललंय. फोन उचलते, 'बरं आहे' म्हणते आणि ठेवते. भाऊबीजेला येऊ का विचारलं तर म्हणाली, नको, मी घरी नाहीये. घरीच होती सर! भाच्याकडून कळलं." त्यानं रिकामा पेला पुन्हा उचलून ठेवला. "तिच्याशिवाय मला माहेर नाही, सर. पुरुषाला माहेर नसतं म्हणतात, पण मला आहे. तेच तुटत चाललंय. माझं काय चुकलं तेही ती सांगत नाही."

"मग करणार काय?"

इथं बापू जरा सावरला. कारण त्याच्याकडे योजना होती, आणि योजना सांगताना त्याच्या डोळ्यांत तेज येई. ताईला बर्फाचे डोंगर बघायची फार इच्छा होती, पूर्वी एकदा ती तसं बोलली होती. विमान कंपनीची एक योजना होती: एप्रिल ते मार्च या वर्षात चोवीस उड्डाणं केली की सोनेरी दर्जा मिळतो. सोनेरी दर्जावाल्याला सोबतच्या माणसाचं तिकीट फुकट, पुढच्या रुंद खुर्च्यांचं, हव्या त्या गावी. साठलेल्या पॉइंटांत त्याचं स्वतःचं तिकीट, त्या दर्जावर ताईचं. थेट श्रीनगर! "तिला काहीच सांगितलेलं नाही. एकदम तिकीट हातात ठेवणार. मग बघू कशी बोलत नाही ते. बावीस उड्डाणं झालीत, एक जाऊन-येऊन फेरी राहिलीय. एकतीस मार्चच्या आत केली नाही तर सगळं शून्य, पुन्हा पहिल्यापासून."

"बावीस वेळा कंपनीच्या कामाला गेलास?"

"छे! काम कुठलं? नुसतं जायचं आणि त्याच विमानानं परत यायचं. सगळ्यात स्वस्त मार्ग धरायचा. उड्डाण मोजलं गेल्याशी कारण."

"आणि सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता?"

"पुणे-नागपूर," बापू म्हणाला.

सरांनी टेबलावरच्या बर्फीच्या डब्याकडे पाहिलं. वर्षभर दर महिन्याला असा डबा येत होता. सरांना मधुमेह, ते बर्फी खात नसत, शेजारी वाटून टाकत. "ही बर्फी तिथलीच?"

"विमानतळावरच्या दुकानातली. तिथं एका कार्डावर पाचपट पॉइंट मिळतात."

"नागपूरला उतरल्यावर वेळ किती असतो तुला?"

"एक तास चाळीस मिनिटं. पण बाहेर येऊन, डावीकडे वळून, निघण्याच्या दारानं पुन्हा आत शिरायचं, तपासणी करून घ्यायची. ताईचं घर वीस मिनिटांवर आहे, मनात येतं सर, नाही असं नाही. पण ती जेवल्याशिवाय सोडायची नाही, विमान चुकायचं, आणि सगळी गंमतच फुटायची."

तुमच्या ओठांवर आलं ना? माझ्याही आलं होतं. पण सर काही बोलले नाहीत. आपल्याला वाटतं ज्ञानी माणसं उठल्यासुटल्या बोलतात. तसं नसतं, बोलतात ते आपल्यासारखे. सरांनी फक्त एवढंच म्हटलं, "या खेपेला मलाही ने. जन्मात विमानात बसलो नाही."

बापूला कोण आनंद झाला! त्यानं तिथल्या तिथं फोन काढून आठ हजार पॉइंटांत सरांचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. भाव होता नऊ हजार सहाशे. "सर, एक रुपया वीस पैसे सुटले!"

"शाब्बास," सर म्हणाले. "आणि मंदाचा पत्ता लिहून दे. असू दे माझ्याकडे."

बापूनं कागद ओढला, पेन उघडलं आणि थांबला. पाचही कार्डांचे सोळा-सोळा आकडे त्याला तोंडपाठ होते. बहिणीच्या घराचा नंबर आठवेना. बायकोला फोन लावून विचारावा लागला. सरांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या शनिवारी, म्हणजे तीस मार्चला, दोघं पुण्याच्या विमानतळावर भेटले. सरांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत तोच बर्फीचा डबा, न उघडलेला.

"अहो सर, नागपूरची बर्फी नागपूरला घेऊन चाललात?" बापू हसला. "उलटी गंगा!"

"असू दे रे," सर म्हणाले.

खिडकीपाशी बसून त्यांनी लहान मुलासारखी मान वळवून वळवून खाली पाहिलं. बापूनं सांगितल्यावर फोन बंद केला. साडेअकराला विमान उतरलं. दोघं बाहेर आले. मार्च अखेरचं नागपूर, दारातून बाहेर पाऊल टाकलं की ऊन तोंडावर येतं. बापू सवयीनं डावीकडे वळला. शंभरएक पावलं चालून निघण्याच्या दारापाशी पोचला, फोनवर तिकीट काढून धरलं, आणि मागं वळून पाहतो तर सर नाहीत.

आधी वाटलं, स्वच्छतागृहात गेले असतील. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फोन लावला तर बंद. विमानात बंद केलेला फोन उतरल्यावर चालू करायचा असतो हे सरांना सांगायचं राहून गेलं होतं. बापूला घाम फुटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, परकं गाव, हे ऊन! तो उतरणाऱ्यांच्या दाराकडे धावला, परत निघणाऱ्यांच्या दाराकडे आला. बर्फीच्या दुकानातल्या मुलीला विचारावं तर दुकान आत. घड्याळात बारा वाजून गेले. साडेबाराच्या आत तपासणी झाली नाही तर विमान गेलं. विमान गेलं तर तेवीस उड्डाणं होतात, चोवीस नाही. उद्या एकतीस तारीख, पण उद्याची सगळी तिकिटं संपल्याचं त्यानं आधीच पाहून ठेवलं होतं.

मी त्याला दोष देत नाही, पण खरं ते सांगतो: तो पाच मिनिटं त्या दारात उभा राहिला. आत जाऊन विमान कंपनीच्या माणसांना सांगावं, ते शोधतील, असाही विचार त्यानं केला. माणसाचं मन अशा वेळी फार सोयीचं बोलतं. मग त्यानं फोन खिशात टाकला आणि रिक्षावाल्यांच्या घोळक्याकडे गेला.

"पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, म्हातारे गृहस्थ..."

"थे बुढेबाबा?" एक जण म्हणाला. "हौ, पाहिले न जी. चिठ्ठी दाखवत होते. मनीषनगरले गेले. झाला असंन अर्धा-पाऊण घंटा."

मनीषनगर. ताईचं घर तिथंच होतं; बापू रिक्षात बसला. वाटेत डोक्यावरून एक विमान गेलं. त्यानं वर पाहिलं नाही. उतरताना पैसे फोनवरून दिले, आणि त्यावर पॉइंट मिळत नाहीत ही गोष्ट अनेक वर्षांत पहिल्यांदा त्याच्या ध्यानातच आली नाही.

दार उघडंच होतं. सर आरामखुर्चीत बसून ताक पीत होते. समोर वेताच्या मोड्यावर मंदाताई बसली होती आणि तिच्या मांडीवर तो बर्फीचा डबा होता. सरांनी तो तिला कसा दिला हे तिनं नंतर सांगितलं. म्हणाले होते, "मंदा, हा तुझ्या भावानं आणलेला डबा. दर महिन्याला आणतो, पण पत्ता चुकून माझ्याकडे येतो. म्हटलं, एक तरी ज्याचा त्याला पोचवावा."

बापू उंबऱ्यातच उभा राहिला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. केस केवढे पांढरे झाले होते तिचे! फोनवर केस दिसत नाहीत.

"ये," ती म्हणाली. "रस्ता सापडला का आज?"

"ताई, तू... तुला माहीत होतं?"

"वरच्या खोलीत माझी भाडेकरू राहते, ती त्या बर्फीच्या दुकानात कामाला आहे. इथं भिंतीवर तुझा फोटो आहे, रोज पाहते ती. आषाढात मला म्हणाली, मावशी, तुमचा भाऊ आला होता, बर्फी घेऊन गेला. मी म्हटलं, गं बाई, तो कशाला येईल न सांगता? तुझी काहीतरी चूक होतीय. श्रावणात पुन्हा म्हणाली. भादव्यात म्हणाली." ती डब्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. "मग दसऱ्याच्या आधी तिनं दुकानातून फोन केला, दर खेपेला शनिवारच्या याच विमानानं येतात, आजही येतील, अजून उतरायचंय म्हणून. मी आहे तशी रिक्षा करून गेले. बाहेर तो लोखंडी कठडा आहे ना, तिथं उभी राहिले. तू बाहेर आलास. मी हात वर केला. तू वळलास आणि चालत चालत पुन्हा आत गेलास."

"ताई, मी पाहिलंच नाही तुला!"

"ते आज कळलं मला. तेव्हा वाटलं, पाहून वळलास." आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते तिनं पुसलंही नाही. "माझ्या गावात येतो, माझ्या दारावरून जातो आणि तोंड दाखवत नाही. म्हटलं, काहीतरी घोर चुकलंय आपलं. सहा महिने मी तेच आठवत बसले रे बापू. तुझ्या लग्नात काही बोलले का, सासवडचं घर विकताना काही राहिलं का, लहानपणी तुला कधी मारलं होतं का. एकदा मारलं होतं, उलथनं फेकून. तेही आठवलं."

बापू खाली बसला आणि त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं टेकलं. मग सगळं सांगितलं: सोनेरी दर्जा, चोवीस उड्डाणं, श्रीनगर, रुंद खुर्च्या. रडत रडत सांगितलं, त्यामुळे त्या योजनेत आधी जी चमक होती ती काही राहिली नाही.

ताईनं ऐकून घेतलं. "मला कशाला रे आता तो बर्फ? हे होते तेव्हा बोलले असेन." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तुला यायला वेळ नव्हता, तर नुसतं कळवायचं होतंस. मी आले असते की कठड्याशी, डबा घेऊन. उभ्या उभ्या खाल्लं असतंस."

 ताई उठून आत कुकर लावायला गेली.

बऱ्याच वेळानं बापूनं विचारलं, "सर, हे तुम्ही मला सासवडलाच का नाही सांगितलंत? एका शब्दानं सांगायचं होतं."

सर ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "सांगितलं असतं, तर तू हिशेब मांडला असतास. म्हणाला असतास, सर, आता एकच फेरी राहिलीय, ती झाली की तडक जातो. आणि हिशेब बरोबरच असता तुझा, मला खोडता आला नसता. म्हणून मी गणितात शिरलो नाही, रिक्षात बसलो." ते जरा हसले. "अरे, तुझी विद्या खोटी नाही. फुकट मिळतंय ते सोडावं असं मी कधी म्हणणार नाही, मास्तराच्या पगारात संसार केलाय मी. पण नियम तूच मला शिकवलास: पॉइंटाची किंमत तो वापरल्यावर कळते. तू ज्या माणसासाठी जमवत होतास, त्याच्या दारापाशी अकरा वेळा आलास, आणि जमवायला परत गेलास. तिला बर्फाचे डोंगर नको होते, एवढंच तू विचारलं नव्हतंस. माझ्या तिकिटाला आठ हजार लागले ना? वर्षभरात तेवढेच कामी आले बघ."

जेवणं झाली. ताईनं सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या नागपुरी वड्या, केल्या होत्या, बापूनं त्या मोजल्या नाहीत. त्या रात्री दोघं तिथंच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीनं परत आले. सरांना जेमतेम वरचा बाक मिळाला, तो बापूनं एकाला विनवून खालचा करून घेतला. दोन दिवसांनी विमान कंपनीचा निरोप आला: आपली उड्डाणसंख्या शून्य.

बापू अजूनही पॉइंट जमवतो. पाचाची सहा कार्डं झाली आहेत. फक्त आता दर महिन्याला तो ते नागपूरच्या तिकिटावर उडवतो. पॉइंटवाल्या मंडळींचा त्याचा एक गट आहे, ते त्याला हसतात, म्हणतात, इतक्या जवळच्या गावासाठी कुणी पॉइंट जाळतं का, दोन रुपये सुद्धा सुटत नाहीत. तो म्हणतो, नसतील सुटत.

तुमच्याही खिशात कार्ड असेल, माझ्याही आहे. जमवा, खुशाल जमवा, पण ज्याच्यासाठी जमवता त्याला एकदा विचारून घ्या.

नागपूरच्या विमानतळाबाहेर तो कठडा अजून आहे. मंदाताई मात्र तिथं जात नाही. विमान उतरायच्या सुमाराला ती घरी कुकर लावते आणि दार उघडं ठेवते.